घर दाखवणाऱ्याला आधी विचारा, तुम्ही कोणाकडून?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की कोकणातले जमिनीचे नि घराचे एजंट सगळे लुटारू, त्यांना गावात पाऊलच ठेवू देऊ नका. पत्र वाचलं नि दोन दिवस डोक्यातून जाईना, कारण माझ्या सख्ख्या भावाला एका एजंटानं फसवलंय आणि मला स्वतःला दुसऱ्या एका एजंटामुळे चांगलं घर मिळालंय, दोन्ही गोष्टी चार वर्षांच्या आत आमच्याच घरात घडल्यात. म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, जमलं तर सगळं छापा, कारण ह्यातलं कुठलं कापायचं ते मला कळत नाहीये.

आधी भावाचं सांगते. तो डोंबिवलीला असतो, प्रायव्हेट कंपनीत आहे. गावचं घर चुलत्यांच्या वाट्याला गेलं, आपलं म्हणून कोकणात काही उरलं नाही ही त्याच्या मनाला लागलेली गोष्ट, त्यामुळे पंधरा वर्षं पैसे साठवून गुहागर बाजूला एखादं जुनं घर घ्यायचं असं त्यानं ठरवलेलं. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला, चिरेबंदी कौलारू घर, पुढे पडवी, मागे आगर, बावीस माड, विहीर बारमाही, बारा गुंठे जागा, एकोणीस लाख फक्त. गणपतीला आला तेव्हा बघून आला. सप्टेंबर महिना, सगळीकडे हिरवंगार, विहीर काठोकाठ भरलेली, ओणवं होऊन हात घातला तर पाणी लागेल अशी. एजंट म्हणाला पुण्याची पार्टी उद्या येतेय, आज टोकन टाकलं तर घर तुमचं. भावानं पन्नास हजार मोबाईलवरनं पाठवले नि पन्नास रोख दिले. पावती म्हणून वहीच्या कागदावर "घराचे टोकन १ लाख मिळाले" एवढंच लिहून खाली सही, त्यात सर्व्हे नंबर नाही, मालकाचं नाव नाही, किती दिवसांत साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, ते नाही.

पुढे आम्ही वकिलाकडे गेलो तेव्हा सातबारा काढला. तेवीस नावं. तेवीस! त्यातली दोन माणसं वारलेली नि त्यांची वारसनोंद झालेली नाही, काही मुंबईला, एक जण बडोद्याला, आणि ज्या माणसाच्या वतीनं एजंटानं भावाला घर दाखवलं त्याचा हिस्सा म्हणाल तर सहावा. कोकणात राहणाऱ्याला ह्यात नवल वाटणार नाही, सामाईक सातबारा हे आपल्याकडचं घरोघरचं दुखणं आहे, एक भाऊ गावात राहतो, चार भाऊ नोकरीला बाहेर, पिढ्यानपिढ्या वाटप होत नाही नि नावं वाढत जातात. पण एजंट तालुक्यातलाच होता, त्याला हे माहीत नसेल असं मी मानणार नाही. विचारलं तर म्हणाला, सगळ्यांच्या सह्या मी आणून देतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका.

मग एप्रिलमध्ये भाऊ परत गेला, ह्यावेळी न सांगता, एकटाच. विहिरीत डोकावला तर तळाशी दगड दिसत होते. शेजारच्या आजी कळशी घेऊन चालल्या होत्या, त्यांनी सांगितलं की फेब्रुवारीनंतर ह्या वाडीतले सगळे खालच्या पऱ्ह्यावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या, विहिरीवर जातात. घराकडे जायची वाट पण दुसऱ्याच्या आगरातून, दगडी गडगा ओलांडून, नि त्या आगराच्या मालकानं सरळ सांगितलं की गाडी जाऊ देणार नाही, पायवाट आहे, पायानं जा. आणि सगळ्यात शेवटी त्या घरातल्या म्हाताऱ्या काकांची गाठ पडली. भावानं सहज विचारलं, तुम्ही एकोणीस सांगितलेत ना? काका म्हणाले, नाय रे बाबा, आम्ही तेरा सांगितले, वरचे काय ते तो बघणार होता.

तेरा नि एकोणीस. मधले सहा लाख कोणाचे, हे आमच्या भावाला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नसतं. आपल्याकडे ह्या प्रकाराला "वरचे आमचे" म्हणतात. मालकाला त्याची रक्कम ठरवून द्यायची नि वर जेवढे चढतील तेवढे मधल्यांनी वाटून घ्यायचे, त्यात कधी गावातला एखादा रिक्षावाला असतो, कधी नाक्यावरचा दुकानदार, तालुक्याचा एक, मुंबईचा एक, अशी साखळी असते नि प्रत्येक कडीला पैसे चढतात. एक लाखातले साठ हजार आठ महिन्यांनी परत मिळाले, ते पण भाऊ तीनदा रजा टाकून आला म्हणून. बाकीचे चाळीस "खर्चात गेले". कसला खर्च ते आजवर कळलं नाही.

हे सगळं झाल्यावर मीसुद्धा त्या पत्रलेखकासारखंच बोलत होते, एजंट नकोच. पण मग मला स्वतःला घर घ्यायची वेळ आली.

आम्ही चिपळूणला बाजारपेठेत तळमजल्यावर भाड्यानं राहायचो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात काय झालं ते चिपळूणकरांना सांगायला नको. आमचं फ्रीज, कपाट, मुलीची पुस्तकं, सासूबाईंची औषधं, सगळं गेलं, आम्ही जिन्यानं वर पळालो म्हणून वाचलो. त्यानंतर घर घ्यायचं पण पाण्याबाहेर घ्यायचं, एवढं एकच डोक्यात होतं. दोन वर्षं आम्ही स्वतःच शोधलं, एजंटाशिवाय. दर रविवारी फिरायचो, झाडावर नि खांबावर लावलेले बोर्ड वाचून फोन करायचो. दोन वर्षांत एक घर ठरेना, कारण विकायला काय आहे तेच आम्हाला कळत नव्हतं. चिपळूण काय, खेड काय, रत्नागिरी काय, आपल्या गावांत पुष्कळ घरं बोर्डावर येतच नाहीत, ती तोंडातोंडी विकली जातात, नि ती कोणाकडे आहेत ते फक्त ह्या धंद्यातल्या माणसालाच माहीत असतं. म्हणून नवऱ्याच्या ओळखीनं एका वयस्कर एजंटाकडे गेलो. त्यांना आम्ही काकाच म्हणतो.

भावाचा अनुभव मनात होता, त्यामुळे बसल्या बसल्या मी पहिला प्रश्न विचारला, काका, तुम्ही कोणाकडून? मालकाकडून का आमच्याकडून? मला वाटलं राग येईल. ते म्हणाले, दोघांकडून घेतो, एक टक्का त्यांच्याकडून नि एक टक्का तुमच्याकडून, आणि दोघांना ते माहीत असतं. मग डायरीचं एक पान फाडलं, त्यावर लिहिलं की दलाली ठरलेल्या किमतीच्या एक टक्का, अर्धी साठेखताला नि अर्धी खरेदीखताला, टोकनला काही नाही, मालकाची गाठ टोकनच्या आधी घालून देईन, किंमत मालकाच्या तोंडून ठरेल. खाली त्यांची सही, माझी सही. ते पान अजून माझ्या कपाटात आहे. दोन मिनिटांचं काम, पण भावानं हे केलं असतं तर "वरचे आमचे" तिथंच संपलं असतं, कारण ज्या एजंटाला वर चढवायचंय तो मालकाची गाठ आधी घालून देत नाही. म्हणून सगळ्यांना सांगते, घर बघायला गाडीत बसायच्या आधी हे लिहून घ्या. एजंट टाळाटाळ करायला लागला, "ते नंतर बघू हो, आपण काय परके आहोत का" असं म्हणाला, तर नमस्कार करून निघा.

आणि दोघांकडून घेणं वाईट असं पण नाही, लपवून घेणं वाईट. फक्त एक लक्षात ठेवायला हवं, की जो दोघांकडून घेतो त्याला तुम्ही जे सांगाल ते मालकापर्यंत जाणार. मी काकांना बँकेचं लोन किती मंजूर होतंय ते खरं सांगितलं, नाहीतर ते आम्हाला न झेपणारी घरं दाखवत बसले असते, त्यांचा वेळ गेला असता नि आमचा पण. पण भाडेकरार डिसेंबरला संपतोय नि आम्हाला घाई आहे, हे नाही सांगितलं. बजेट सांगावं, अडचण सांगू नये, असं माझं मत झालंय.

काकांनी पहिल्या दिवशी एकही घर दाखवलं नाही. उलट आम्हालाच विचारत बसले, कामाला कुठं जाता, मुलगी कुठल्या शाळेत, घरात आजारी कोण. सासूबाईंचे गुडघे गेलेत म्हटल्यावर म्हणाले, मग तळमजला हवा पण तळमजला तुम्हाला नको, म्हणजे लिफ्टची बिल्डिंग बघायला हवी, नि लिफ्टची मशीन खाली पाण्यात बुडणारी नसावी. हे आमच्या लक्षात आलंच नव्हतं. जो एजंट आधी ऐकून घेतो त्याच्याबरोबर फिरायला हरकत नाही, जो फोनवरच "मॅडम मस्त फ्लॅट आहे, लगेच या" म्हणतो त्याला फ्लॅट विकायचाय, तुमचं घर शोधायचं नाहीये.

एक फ्लॅट मला फार आवडला होता. पहिला मजला, ताजा रंग, मोठी खिडकी, किंमत पण बसत होती. मी जवळजवळ हो म्हणाले होते. काका मला जिन्याखाली घेऊन गेले नि मीटरच्या पेटीचं लाकडी दार उघडलं. बाहेरच्या भिंतींना नवीन रंग दिलेला पण पेटीच्या आत कोणी हात लावला नव्हता. आतल्या फळीवर वाळलेल्या चिखलाची आडवी रेघ होती, सरळ, पट्टीनं मारल्यासारखी, माझ्या कपाळाच्याही वर. काका काही बोलले नाहीत, नुसतं बोट दाखवलं. मग जिना चढून मोजलं, त्या रेघेपासून पहिल्या मजल्याची फरशी अडीच हात वर. मी नको म्हणाले. त्यांची चौतीस हजारांची दलाली तिथं जात होती नि त्यांनीच दार उघडून दाखवलं, हे मी विसरणार नाही. नदीकाठच्या गावांत, चिपळूण असो, खेड असो, राजापूर असो, घर बघताना निळी पूररेषा कुठं नि लाल कुठं हे नगरपरिषदेत जाऊन बघाच, निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची नि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, पण त्याआधी मीटरची पेटी उघडा, पंपाची खोली बघा, दुकानदाराला विचारा. रंग भिंतीलाच देतात.

शेवटी चढावरच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर रिसेल फ्लॅट मिळाला, अकरा फ्लॅट बघितल्यानंतर. काकांनी अकरा वेळा स्वतःच्या स्कूटरनं येऊन दाखवले, पेट्रोल त्यांचं, किल्ल्या मागत फिरायचं त्यांनी. इथं मला आपल्या लोकांची पण एक गोष्ट बोलायचीय, वाईट वाटलं तरी चालेल. एजंटाकडून घर बघायचं, मालकाचं नाव कळलं की पाठीमागून जाऊन परस्पर ठरवायचं नि दलाली वाचवली म्हणून चारचौघांत सांगायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं, चांगले शिकलेले लोक करतात. आमच्या आधीच्या शेजाऱ्यांनी तसंच केलं. पुढे त्यांना सोसायटीची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, मिळेना, मालक फोन उचलेना, विजेचं बिल थकलेलं निघालं, नि मध्यस्थाला सांगायची सोय नाही कारण त्याचेच पैसे बुडवलेले. माणसाला फुकट राबवायचं नि मग तो प्रामाणिक राहिला पाहिजे म्हणायचं, हे जमत नाही. चांगल्या एजंटाला ठरलेले पैसे वेळेवर द्या, पावती घ्या, एका वेळी एकाच्याच मागे राहा, निदान महिना-दीड महिना तरी. पाच जणांना सांगितलं तर तेच घर तीन जण तीन किमतीला दाखवतात नि मालकाला वाटतं गिऱ्हाईकं तुटून पडलीत, किंमत तिथंच वर जाते.

आता कायद्याचं, जेवढं मला ह्या सगळ्यातून कळलं तेवढं. रेरा, म्हणजे बिल्डर नि एजंटांवर लक्ष ठेवणारा कायदा, २०१६ चा, महाराष्ट्रात त्याचं प्राधिकरण महारेरा २०१७ पासून. बिल्डरच्या नोंदणी केलेल्या प्रोजेक्टमधला फ्लॅट जो एजंट विकतो त्याची महारेराकडे नोंदणी पाहिजे, त्याचा नंबर इंग्रजी ए अक्षरानं सुरू होतो नि प्रोजेक्टचा पी नं, दोन्ही वेबसाईटवर टाकून बघता येतात. २०२३ पासून एजंटांना ट्रेनिंग नि परीक्षा पण लावलीय नि जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा केलाय. बिल्डर रजिस्टर ॲग्रीमेंट केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, मग एजंट कितीही म्हणू दे की आता वीस भरा, रेट वाढणारेय. किंमत कार्पेटवर, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवर, बोलायची, बिल्टअप नि सुपर बिल्टअप ऐकूनच घ्यायचं नाही. आणि नोंदणी केलेल्या एजंटाविरुद्ध तुम्ही महारेराकडे तक्रार पण करू शकता.

पण कोकणात खरी अडचण इथं सुरू होते. पाचशे चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर प्रोजेक्टला रेराची नोंदणी लागतच नाही, नि आपल्या गावांत आठ-आठ फ्लॅटच्या बिल्डिंगा किती आहेत ते मोजा. शिवाय जुनं घर, रिसेल फ्लॅट, सुटी जमीन, म्हणजे भावाचं प्रकरण नि माझं पण, ह्यात एजंटाला रेराचा नंबर असायलाच हवा असं बंधन नाही. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त फसवणूक होते तिथं रेरा कायद्याचं छत्र नाही. तिथं तुमचा डायरीचा कागद, तुमचा वकील नि तुमचे पाय, एवढंच.

वकील म्हणजे तुमचा वकील, हे अगदी ठळक करून छापा. एजंट म्हणतो आमचे वकील आहेत, सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास, तयार आहे. घेऊ नका. तालुक्याच्या कोर्टात जाऊन तुमच्या ओळखीचा बघा, त्याला तीस वर्षांचा सर्च काढायला सांगा, पेपरात जाहीर नोटीस द्यायला सांगा, जी फी होईल ती एका लाखाच्या टोकनपुढे काहीच नाही. सातबारा तर तुम्ही स्वतः काढू शकता, डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत ऑनलाईन मिळतो, एजंटानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो बघून पैसे टाकू नका, तो फोटो पाच वर्षांपूर्वीचा असू शकतो. नावं मोजा. भोगवटादार वर्ग एक आहे का दोन ते बघा, दोन असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. इतर हक्कात कोणाचं कूळ लागलंय, कुठल्या पतसोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे, ते वाचा, जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढा. घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव आहे म्हणून मालक झाला असं होत नाही, आपल्याकडे घर एकाचं नि खालची जागा दुसऱ्याची असं कितीतरी ठिकाणी आहे. आणि नोटरी करून घर विकलं जात नाही, दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर झालं पाहिजे, कोणी काही सांगू दे.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांसाठी अजून एक. शेतजमीन घ्यायला कुळकायद्याप्रमाणे तुम्ही शेतकरी असावं लागतं. काही एजंट म्हणतात दाखला करून देतो, एवढे एवढे पडतील. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन सरकारजमा होऊ शकते, नि तेव्हा तो एजंट तुमच्याबरोबर प्रांताच्या ऑफिसात उभा राहणार नाही. तसंच "समुद्र दिसतो" म्हणून विकतात त्या जागा. सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, भरतीरेषेपासून ठरलेल्या अंतरापर्यंत बांधकामाला बंदी किंवा निर्बंध आहेत, २०११ च्या अधिसूचनेत गावांकडच्या किनाऱ्याला ते अंतर २०० मीटर होतं, २०१९ मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी कमी केलं, पण तुमची जागा नेमकी कुठल्या पट्ट्यात येते ते नकाशावरच कळतं, एजंटाच्या बोटानं नाही. लेखी मागा. नाहीतर समुद्र दिसेल, घर बांधता येणार नाही.

पैसे रोख देऊ नका. भावाचे जे चाळीस बुडाले ते सगळे रोखीतले, मोबाईलवरनं गेलेले पन्नास मात्र पूर्ण परत आले कारण त्याचा पुरावा होता. घर-जमिनीच्या व्यवहारात वीस हजार नि त्यावरचा आगाऊ पैसा रोख घ्यायलाच आयकर कायद्यानं मनाई आहे, हे एजंटाला सांगितलं की पुष्कळदा त्याचा आवाज खाली येतो. आणि टोकन द्यायचंच तर मालकाच्या खात्यावर, एजंटाच्या नाही. पावतीवर सर्व्हे नंबर, चतुःसीमा, ठरलेली किंमत, नि कागद साफ निघाले नाहीत तर किती दिवसांत पैसे परत, एवढं असलंच पाहिजे.

एक गोष्ट बायकांसाठी. आपल्याकडे घर बघायला पुरुष जातात नि बाई पहिल्यांदा घर बघते ती वास्तुशांतीला. असं करू नका, पहिल्याच दिवशी बरोबर जा. एजंट पुरुषांशी रेटचं बोलतो, पण नळाला पाणी किती वाजता येतं, पावसात कपडे कुठं वाळतात, न्हाणीचं पाणी कुठं जातं, रात्री वाट उजेडाची आहे का, हे आपण विचारतो नि उत्तर पण शेजारची बाईच देते. त्या आजींनी विहिरीचं सांगितलं नसतं तर भाऊ अजून कागदांमागे फिरत राहिला असता. आणि घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, २०२१ पासून, आमच्याकडे कोणाला हे माहीत नव्हतं. काकांनी सांगितलं. आमचा फ्लॅट माझ्या नावावर आहे, चौतीस लाखांवर चौतीस हजार वाचले, बरोबर त्यांच्या दलालीएवढे.

आता आपल्या पेपराला विनंती. आपल्या छोट्या जाहिरातींत रोज घरं-जमिनी येतात. "पार्टी थेट" असं छापलेलं असतं नि फोन केला की एजंट निघतो. जाहिरात घेताना मालक का एजंट एवढं तरी लिहायला लावा, आणि प्रोजेक्टची असेल तर महारेराचा नंबर नि क्यूआर असल्याशिवाय घेऊ नका. दुसरं म्हणजे जाहीर नोटिसा. त्या इतक्या बारीक अक्षरात असतात की मुंबईच्या हिस्सेदाराला सोडाच, गावातल्या म्हाताऱ्यांना पण वाचता येत नाहीत, आणि हरकतीची मुदत निघून जाते, नि मग जो हिस्सेदार राहिला तो घर घेणाऱ्यावर केस करतो. गावाचं नाव नि सर्व्हे नंबर तरी मोठ्या अक्षरात, तालुक्याप्रमाणे एकत्र छापता आलं तर बघा. आमच्या सासूबाई रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, पण नोटिसांचं पान भिंग घेऊनही सोडून देतात.

भावानं नाद सोडलेला नाही. आता संगमेश्वर बाजूला एक घर आहे, येत्या रविवारी बघायला येतोय, मुद्दाम एप्रिलमध्येच. दोर नि पोहरा घेऊनच जायचं ठरलंय. तिथल्या एजंटाला त्यानं आधीच मेसेज करून विचारलं, तुम्ही कोणाकडून? त्याचं उत्तर काल रात्री आलं, भावानं मला पुढे पाठवलं: "मालकाकडून. तुमच्याकडून काही नको. मालक घरीच असतील, त्यांच्याशी तुम्हीच बोला. सातबाऱ्यावर चार नावं आहेत, चौघं पण गावातच आहेत."

आपली नियमित वाचक,
चिपळूण
(नाव छापू नये ही विनंती)